बुधवारची गाडी

गाडीच्या दारावर, छताजवळ असलेलं हँडल सोडलं की टपकन वर जाऊन बसत होतं. एफ्राईनने ते पुन्हा खाली ओढलं, पुन्हा सोडलं. टप्. म्हणजे या जागेवर बसून कुणी त्याला फारसं धरलेलं नाही, धरायची वेळच आलेली नाही. आपल्या जुन्या गाडीतलं याच जागचं हँडल ओढलं की तसंच लोंबत राहायचं. सहा वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, त्याच्या बायकोने, तार्हेलियाने, उजव्या हाताने त्याला लटकून स्वतःला गाडीत घेतलं होतं आणि तसंच बाहेर काढलं होतं, त्यात कधीतरी आतली स्प्रिंग मरून गेली आणि... डाव्या हातावर भार द्यायचा नाही, डायलिसिसच्या सुया डाव्या हातात टोचायच्या असतात. तो हात ती मांडीवर झोपलेल्या मुलासारखा धरून बसायची.

"बाबा, स्टेअरिंग त्या बाजूला आहे," हिमेना बाहेरून म्हणाली.

"माहीत आहे."

"वीस मिनिटं झाली. चालवणार तुम्ही की कुणी तुम्हाला फिरवायचं?"

 त्याने सीट किती मागे जाते ते पाहिलं. उंबरा खाली होता, पाय फार उचलावा लागत नव्हता. दोन सीटच्या मध्ये कोपर टेकायला मऊ जागा होती, जुन्या गाडीत तिथे उशी घडी करून ठेवावी लागायची. चांगली गाडी होती. राखाडी रंगाची, छोटी, पाच दारांची, ब्याण्णव हजार किलोमीटर झालेली. गॅलनला गावात चाळीस किलोमीटर तरी देते, असं गाडीच्या मालकीणबाई म्हणत होत्या. पस्तीस धरले तरी वाईट नाही. मागची डिकी त्याने आधीच उघडून पाहिली होती. गॅसचा सिलिंडर उभा मावतो, आणि वर बटाट्याचं पोतं.

दक्षिण किटोतल्या या मैदानावर दर रविवारी जुन्या गाड्यांचा बाजार भरतो, आणि बापलेकीचा हा तिसरा रविवार. जुलैमध्ये जुनी गाडी वार्षिक तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली, खालची चौकटच गंजून गेली होती. ती भंगारात गेल्यावर हिमेनाने शांतपणे सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये गाडी मिळाली तर ठीक. नाहीतर सान हुआनच्या त्या चढावर तुम्ही एकटे, दूध आणायचं म्हटलं तरी दीडशे पायऱ्या. मग घर विकायचं आणि खाली खोऱ्यात आमच्याकडे राहायला यायचं. ती वाईट बोलली नव्हती. गाडी मिळाली तर घर राहील, हे त्यालाही पटलं होतं. अंगण राहील, अंगणातलं ऊन राहील. आणि आज महिन्यातला शेवटचा रविवार.

मालकीणबाई, ज्यांना सगळे मानाने डोन्या मारूहा म्हणत, शाळेचे गणवेश शिवायच्या. मुलाने मोठी गाडी पाठवली म्हणून ही विकायची होती. बोलायला मोकळ्या. "अहो डॉन एफ्राईन, मी हिला पाहुण्यासारखी सांभाळलीय. नवऱ्याला एवढं सांभाळलं असतं तर तो पळाला नसता."

एफ्राईन हसला, खाली उतरला आणि पुढे जाऊन वाकला. चाकं झिजली होती, पण सारखी झिजली होती. बंपरला एक ओरखडा. मग नंबर पाहिला. शेवटी पाच.

तो सरळ उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "ही नको."

डोन्या मारूहांना वाटलं, त्याला ओरखडा खटकला. त्या रंगाचं काय ते सांगू लागल्या. एफ्राईनने मान हलवली. "नंबर पाचावर संपला की बुधवारी गाडी रस्त्यावर आणायला बंदी. बुधवार मला चालत नाही."

"बुधवार?" बाईंना नवल वाटलं नाही, या शहरात इंजिनाच्या आधी लोक शेवटचा आकडाच विचारतात. "एक दिवस तर प्रत्येक गाडीला घरी बसावंच लागतं. तुम्ही तर निवृत्त माणूस. बुधवारी काय असतं तुमचं?"

उत्तर ओठांवर आलं होतं. सकाळी सहाला डायलिसिसची पाळी असते. साडेपाचला निघावं लागतं, परत येताना गर्दीची वेळ असते आणि चौकाचौकात पोलीस उभा असतो; सोमवार, बुधवार, शुक्रवार, यांतला एकही दिवस जाऊन चालत नाही...  मैदानावर वारा सुटला होता, धूळ उडत होती, पलीकडे कुणीतरी भोंगा वाजवून बघत होतं. तार्हेलियाला जाऊन पाच महिने झाले होते.

हिमेना जमिनीकडे पाहत होती. मग हळू म्हणाली, "बाबा, गेल्या रविवारची नऊची होती. शुक्रवार. त्याच्या आधीची दोनची, सोमवार."

"तिचा क्लच खराब होता."

"क्लच चांगला होता."

तो आठवू लागला. लाल गाडी. क्लच जड लागला होता, नक्की लागला होता... आणि नऊवाली? तिला वास येत होता, सिगरेटचा. की नव्हता येत? आपण स्वतःशी खोटं बोलत होतो असंही त्याला वाटेना. त्या वेळी वास आलाच होता. सहा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून याच मैदानावर एक पांढरी गाडी सोडली होती, याहून चांगली, फक्त सहावर संपत होती, सहालाही बुधवार, म्हणून; आणि चारवाली ती रडकी गाडी घेतली होती, कारण चारला मंगळवार. मंगळवार मोकळा होता.

मंगळवार. आज गाडीचा उपवास, असं तार्हेलिया म्हणायची. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजायची, दोन ब्लँकेटांनी जायची नाही, आणि अंगणात ऊन असलं तरी खोल्यांमध्ये गारठाच. मग अंगणात उभ्या गाडीत दोघं जाऊन बसायची, काचा बंद करून. दहा वाजेपर्यंत आत तापलेल्या भाकरीसारखी ऊब व्हायची. ती मांडीवर परात घेऊन शेंगा सोलायची, उजव्या हाताने, डाव्याची फक्त बोटं लावून. "आज पोलीस आपल्याला काय पकडणार, एफ्रा? गाडी जागची हलत नाही." दर मंगळवारी तेच. आणि दर मंगळवारी तो हसायचा, कधी खरं, कधी तिच्यासाठी. मधेच ती डावं मनगट पुढे करायची. "बघ, इंजिन चालू आहे ना?" डॉक्टरांनी तिथे शिरा जोडून दिल्या होत्या, बोट ठेवलं की आत सतत घरघरायचं, मंद, एका लयीत. त्याने हजार वेळा बोट ठेवलं असेल. चालू आहे, तो म्हणायचा. मार्चमध्ये एका शुक्रवारी...

"एकदा चालवून तरी बघा," डोन्या मारूहा म्हणाल्या. त्यांचा आवाज आता विकणाऱ्याचा राहिला नव्हता. किल्ली त्यांनी त्याच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली.

तो बसला. या वेळी डावीकडे, स्टेअरिंगसमोर. हिमेना शेजारी येऊन बसली, तिने पट्टा लावला. मैदानाबाहेर पडताच रस्त्यावर दोन गतिरोधक होते. गाडीचं पोट घासलं नाही. डावीकडे वळून तो मुद्दाम चढाला लागला, अर्ध्या किलोमीटरचा उभा चढ, गॅरेजवाले गाडी पारखायला इथेच आणतात. एवढ्या उंचीवरच्या हवेत छोट्या गाड्यांना दम लागतो. तिसऱ्यात ती कुरकुरली, त्याने दुसरा टाकला. गियरच्या दांड्यावर तळवा होता आणि तळव्याखाली... मंद, एका लयीत. त्याने हात काढला नाही. काढायला हवा होता की नव्हता, कोण जाणे. चढ अर्ध्यावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, हिमेना सीटवरून पुढे झुकली आहे, छाती पुढे, हनुवटी वर, जणू गाडीचा भार आपण थोडा उचलतो आहोत. तार्हेलिया अशीच झुकायची. प्रत्येक चढाला, क्लिनिकला जाताना, येताना शक्ती नसली तरी. हिने ते कधी पाहिलं? लहानपणी बसमध्ये असेल.

"काय झालं?" हिमेनाने विचारलं.

"काही नाही. ओढते चांगली."

वर पोचल्यावर त्याने गाडी वळवून उन्हाच्या बाजूला लावली आणि इंजिन बंद केलं. दांड्याची घरघर थांबली. हाताला ते थांबणं कळलं. हिमेनाला फोन आला, ती बोलत बोलत उतरली, रस्त्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. दार लागलं. काचा बंदच होत्या. ऑगस्टचं ऊन समोरच्या काचेतून सरळ आत येत होतं, आधी गुडघ्यावर, मग हातांवर. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिच्यावरचं ते हँडल वर, गप्प, आपल्या जागी बसलेलं.

बुधवार. समजा, गाडी बुधवारी अंगणात उभी राहिली. कुणाला कुठे न्यायचं नाही. साडेपाचला उठायचं नाही... उठेन मी, पण निघायचं नाही. दहापर्यंत ऊन येईल. परातीत शेंगा दोन हातांनी सोलता येतील, लवकर संपतील. मग काय करायचं? आणि मंगळवारी गाडी रस्त्यावर असेल. मंगळवारी! त्या दिवशी कुठे जायचं असतं हेच कधी ठरवलेलं नाही. तो मनाशी म्हणून पाहू लागला, ओठ न हलवता, तिच्याच आवाजात. आज बुधवार, आज गाडीचा उपवास. वाक्य तिचंच होतं, फक्त वार तिचा नव्हता. ते खोटं वाटलं नाही. खरंही वाटलं नाही. नव्या सीटसारखं ते वाक्य अजून कुणी बसून बसून आपल्या अंगाचं केलेलं नव्हतं.

हिमेनाने येऊन काचेवर टकटक केली. खाली डोन्या मारूहा वाट बघताहेत, ती खुणेने सांगत होती. त्याने मान डोलावली. हो म्हणून की कळलं म्हणून, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काच त्याने लगेच खाली केली नाही. आत आत्ता कुठे ऊब धरायला लागली होती.