चाकं लटकती ठेवून आवळलेला दांडा

मी बोलतोय, आणि गोड बोलायला मला जमणार नाही. पिकअपच्या मागच्या ॲक्सलला बसणारा, नालासारखा वाकवलेला पोलादी दांडा मी. वळणावर किंवा वाऱ्यात गाडी कलली की स्वतःला पिळून घ्यायचं आणि तिला सावरायचं, एवढंच माझं काम. भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं, वाकवलं, तेलात बुडवलं. तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. माझं डोकं फिरलं ते डेलबर्टच्या हाती पडल्यावर.

डेलबर्ट हॉकिन्सन, वय एकाहत्तर, मुक्काम फार्सन, अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. याने पिकअपच्या हौद्यावर झोपायची, स्वयंपाकाची अख्खी खोली चढवली. वर एवढा बोजा, मग गाडी प्यायल्यासारखी झुलायची. लँडरच्या वाटेवरच्या खिंडीतल्या वाऱ्यात त्याच्या बायकोला, रोवेनाला, धडकी भरायची. दोन वर्षं ती डोंगरापलीकडे लँडरला बहिणीकडे फिरकली नव्हती. आता गुरुवारी बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"तिला भूल द्यायच्या आधी मी तिथे असणार," रोवेना म्हणाली. आठवडाभर राहायचं त्या खोलीतच, म्हणून ती उतरवता येईना. तेव्हा मला मागवलं.

माझ्याबरोबर एक कागद होता. ठळक अक्षरात लिहिलं होतं: नट आधी सैल ठेवा, गाडी बोजासकट चाकांवर उभी करा, मगच आवळा. पण इथले म्हातारे असले कागद वाचत नाहीत. वाचला तर पुरुष कसला! डेलबर्टने तो कचरा जाळायच्या पिंपात टाकला.

"अरे, वाच तरी," रोवेना म्हणाली.

"चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. मला कागद शिकवणार?"

खरी गोम वेगळीच. पोट एवढं सुटलेलं की उभ्या गाडीखाली तो मावेना. हे कबूल कोण करणार? त्याने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, उचलून स्टँडवर ठेवली, चाकं अधांतरी लटकवली आणि मला तसंच करकचून आवळलं.

शेजारचा व्हर्जिल बिअर पीत बघत होता. "काय डेल, गाडीचं बाळंतपण करतोस की काय?"

"गप्प बस आणि पाना दे."

व्हर्जिलला चूक दिसत होती. पण दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये त्याची चूक काढायची नाही, हा यांचा शिष्टाचार! आग लागो त्या शिष्टाचाराला. बाई दरीत गेली तरी चालेल, म्हाताऱ्याचं नाक खाली होता कामा नये.

गाडी जमिनीवर आली, चाकं वर दाबली गेली, पण आवळलेले नट मला हलू देईनात; उभ्या उभ्याच मी पिळला गेलो. माझ्या जोडांतले रबरी बुश चेपले, जोड तिरके अडकले. बुधवारी निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होतो.

"हा आवाज कसला?" रोवेनाने विचारलं.

"नवं आहे. रुळेल." त्याने रेडिओ मोठा केला. झाली दुरुस्ती!

खिंडीच्या माथ्यावर आडवा वारा आला आणि माझा डावा जोड ताडकन तुटला. गाडी झोकांडली, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला घुसली, कशीबशी कडेला थांबली.

"भंगार पाठवलं हरामखोरांनी!"

"भंगार तू केलंस," रोवेना उतरून म्हणाली.

"गाडी ओढून घरी नेऊ. पुढच्या महिन्यात बघू."

"ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे का रे?"

तिने हात केला. मेंढ्यांनी भरलेला ट्रक थांबला.

"लँडरलाच चाललोय. पण वास सोसाल का, मावशी?"

"सत्तेचाळीस वर्षं याची ऐट सोसली. मेंढ्या परवडल्या."

ती गेली. वेळेवर पोचली. बहीण वाचली.

मला काढून गॅरेजमागच्या झुडपात फेकलंय. इथून सगळं ऐकू येतं. "दांडाच खराब होता," तो रोज व्हर्जिलला सांगतो, आणि व्हर्जिल मान डोलवतो. रोवेना अजून लँडरलाच आहे; तिचा फोन येतो, तो स्पीकरवर घेतो. ती एकच विचारते, "चूक कुणाची होती, डेल?" तो फोन ठेवतो.

अरे म्हाताऱ्या, माझं काहीही बिघडलेलं नाही. एक नवा जोड आणि अर्ध्या तासाचं काम. पण आधी तिला म्हण, "माझी." एवढा एक शब्द. तोवर मी इथे गंजून मरेन, पण तुझ्या गाडीखाली मला घालू नकोस.