चाळिसावं डोकं

"एक दिवस बाकावर बसायचंय गं! झोप आली तर डोळे उघडे ठेवून झोप!" दादा गोठ्याच्या दारातून ओरडला.

वहिनी गाईच्या कासेपासून हलली नाही. "आणि धार कोण काढणार? तुमचं कॉलेज?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावच्या सरकारी कॉलेजच्या समितीचा अध्यक्ष. कॉलेज म्हणजे बंद पडलेल्या डेअरीच्या दोन खोल्या. उद्या तपासणीला साहेब येणार; चाळीस डोकी दिसली नाहीत तर कुलूप. होती एकोणचाळीस. कॉलेज पाहिजे म्हणून ज्यांनी रस्ता अडवला, त्याच शूरांनी आपली पोरं शहरात धाडली. आमच्या दादानंसुद्धा! तोंडावर बोललो, तर म्हणतो, "तू गप रे." अठरा वर्षांपूर्वीचा वहिनीचा बारावीचा दाखला मात्र त्यानं बरोबर हुडकून काढला.

साहेब आले. शेवटच्या बाकापाशी थांबले. "बाई, तुम्ही इथं कशा?"

दादा साहेबांच्या पाठीमागून खुणा करू लागला.

"अठरा वर्षं गोठ्यात उकिडवी बसलेय, साहेब. बाक दिसला, टेकावंसं वाटलं."

साहेब खो खो हसले. सही झाली. जाताना बजावून गेले, "न कळवता पुन्हा येईन हं."

"सुटलो!" दादा म्हणाला. "जा आता, गाय हंबरतेय."

वहिनीनं प्राचार्यांना विचारलं, "उद्या पहिला तास किती वाजता?"

"अगं, तो देखावा होता!"

"अर्जावर पालक म्हणून सही तुमचीच आहे."

प्राचार्य हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, या गेल्या तर पुन्हा एकोणचाळीसच."

दुसऱ्या सकाळी गाईनं दादाला लाथ घातली. बादली तिकडं, अध्यक्ष शेणात. तिला वहिनीशिवाय कुणाचा हात खपत नव्हता. तिसऱ्या दिवशी दादा वहिनीची शाल पांघरून, तिचा रुमाल डोक्याला बांधून बसला. गाईनं हुंगलं आणि पान्हा सोडला. कुंपणावरून शेजारणींनी ते पाहिलं. नवऱ्यालाही धार काढता येते म्हणायची! आठवड्यात सात जणींनी नाव घातलं.

आज आठ वर्षं झाली. चारशे डोकी आहेत, स्वतःची इमारत आहे. कोनशिलेवर नाव अर्थात दादाचं. उद्घाटनाला तो गहिवरला, "या कॉलेजसाठी मी लाथा खाल्ल्या!"

आयुष्यात पहिल्यांदा तो भाषणात खरं बोलला.

पहिल्या रांगेतून वहिनी, आता तिथलंच ग्रंथालय सांभाळते ती, म्हणाली, "आटपा लवकर, धारेची वेळ झाली. शाल खुंटीवर आहे."