उष्टा चहा

"बाबा, तो माझा कप आहे! उष्टा आहे तो!"

तोवर त्याने कप तोंडाला लावलाही होता. तळाशी उरलेला गार चहा त्याने लगेच गिळला नाही. गालात धरला, इकडून तिकडे फिरवला आणि मग नाइलाजाने घशाखाली घातला. बशीत लेकीने अर्धं चावून ठेवलेलं बिस्किट होतं. तेही त्याने तोंडात टाकलं.

"दुसरा करून दिला असता ना! आणि निघताना काही खायचं-प्यायचं नाही म्हणून सांगितलंय. मी मघाशीच उरकलं माझं."

"एवढ्याने काय होतंय," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

आज त्यांच्या गल्लीची पाळी होती. कायदाच झाला होता तसा. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाने डीएनएचा नमुना द्यायचा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, की झालं. सरकार त्यावरून रक्ताची नाती जुळवणार होतं आणि तुमची आई कोण, वडील कोण, हे मोबाइलवर कळवणार होतं. लोकांना याची भारी गंमत वाटत होती. आता कळेल कोण कुणाचं, असं म्हणत माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मग काहीतरी काम काढून तिथून सटकायचा.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाआधी एकदा एका कचेरीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत एकच बाई होती. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला एकटं वाटू द्यायचं नाही, ही त्यांच्या कामातली रीतच. जोडीदार वर मशीनशी झटत होता आणि हा दाराच्या फटीशी बसला होता. "घाबरू नका, हवा येतेय आत," असं तो म्हणत राहिला आणि ती रडायलाच लागली. दारापलीकडच्या परक्या माणसाला तिने सगळं सांगून टाकलं. तिला दिवस गेले होते आणि ज्याचं ते होतं त्याने तोंड काळं केलं होतं. तिचा चेहरा दिसायच्या आधीच त्याला हे कळलं होतं. पुढे दोघांनी घाईघाईने लग्न केलं. मुलीला कधीही सांगायचं नाही, असं ठरलं. बायको गेली आणि ते ठरलेलं सांभाळायला तो एकटाच उरला.

उष्ट्या चहाची अक्कल कामावरच्या जोडीदाराची. त्याला सगळे वकील म्हणत, कारण त्याला माहीत नाही असं जगात काही नव्हतं. "अरे, थुंकीच ती! जवळच्या माणसाची थुंकी मिसळली की मशीन गोंधळतं. दोघांचं एकच दाखवतं," असं वकिलाने चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. लिफ्टच्या दोराची तार न् तार तपासल्याशिवाय ती चालू न करणारा हा माणूस त्या एका वाक्यावर विसंबला. अडलेला माणूस कशाकशाला लटकतो!

"तुम्हाला हे आवडलेलं नाही ना?" वाटेत लेकीने विचारलं.

"सगळ्यांचं सगळं एका ठिकाणी कशाला हवं?"

"हरवलेली मुलं सापडतील, बाबा. खुनी सापडतील. ज्यानं काही केलंच नाही, त्यानं कशाला घाबरायचं?"

"काही न करताही घाबरतात माणसं."

"म्हणजे?"

"चल, रांग वाढेल."

शाळेच्या एका वर्गात नमुने घेणं चाललं होतं. लेकीचं चुटकीसरशी झालं. सिस्टरने त्याला पुढे बोलावलं.

"काका, आत्ता काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाही."

"खोटं बोलतायत, सिस्टर! माझा उष्टा चहा प्यायलेत. बिस्किटही खाल्लंय."

सिस्टर हसली. "मग मागं नळ आहे. चांगल्या चुळा भरून या."

"असंच घ्या ना."

"असं चालत नाही, काका."

तो नळाशी गेला, नळ सोडला आणि ओठ घट्ट मिटून नुसता उभा राहिला. बराच वेळ झाला तशी लेक मागे आली.

"बाबा, सुई नसते हो. नुसती काडी फिरवतात."

"ठाऊक आहे."

"मग भरा ना चूळ."

"भरली तर जाईल ते."

"काय जाईल?"

"तुझं. तुझी थुंकी माझ्या तोंडात असली, तर मशीनला आपण एक वाटू, असं वकील म्हणाला."

ती हसली. "काहीतरीच! असं नसतं ते. आणि वाटायला कशाला हवं? आपण तर..."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाणी वाहतच होतं. नळ तिनेच बंद केला.

"म्हणजे मी तुमची... आईनं कधी सांगितलं तुम्हाला?"

"तू व्हायच्या आधी."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तुम्ही..."

"तरी काय? आवडली मला ती. मोबाइलवरून कळायला नको होतं गं तुला. माझ्याकडूनही नकोच होतं."

आतून सिस्टरने हाक मारली. त्याने पुन्हा नळ सोडला आणि खळखळून चुळा भरल्या. जीव तुटत होता, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिस्टरपुढे जाऊन त्याने मोठा आ केला.

नोंद झाल्याचा निरोप येईपर्यंत बाकावर थांबायचं होतं. बाक लहान मुलांचा, त्याचे गुडघे वर आले होते. लेक दुसऱ्या टोकाला बसली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती.

ती त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं रोज बघितलेल्या माणसाकडे ती पहिल्यांदाच असं बघत होती. आधी बोटं बघितली, नखांत बसलेलं काळं ग्रीस बघितलं, मग हनुवटी, मग कपाळ. कानाशी तिची नजर थांबली. तिने हळूच स्वतःच्या कानाची पाळी चाचपून पाहिली.

त्याला ते दिसत होतं. तिच्याकडे वळावं, काहीतरी बोलावं, असं फार वाटत होतं. पण तो समोरच्या फळ्याकडे तोंड करून बसला आणि तिचं बघून होईपर्यंत हलला नाही.