ओठ जड झाला का?

चौथ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या माणसाला घरात कुणी विचारत नाही, अभ्यास झाला का म्हणून. उगाच जखमेवर मीठ कशाला! म्हणून मुखशस्त्रक्रियेच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात निघाली, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमची परीक्षा उद्या. आज माझी दाढ काढा."

दाढ खालची, उजवीकडची, मुळाशी पू झालेली. आठ दिवस त्या दाढेने बाबांना धड जेवू दिलं नव्हतं. मोठे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात ती सात वर्षं राबत होती ते, म्हणाले, मी काढतो. पण बाबा कसले ऐकतात! शिंपी माणूस, मापात एक सूत इकडचं तिकडे होऊ न देणारा. "घरात डॉक्टर असताना परका हात कशाला?" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा.

तिने हातमोजे चढवले. पाठांतर म्हणाल तर सगळं जिभेवर होतं. सुई कुठून घालायची, हाडाला लागल्यावर किती मागे घ्यायची, औषध सोडण्याआधी रक्त येतं का ते ओढून बघायचं, पू असला की भूल नीट का लागत नाही. चार पर्याय द्या, पाचवा तीच सुचवेल! पण तीनदा थोडक्यात हुकल्यापासून हातातला जीवच गेला होता. हल्ली साधी भूल द्यायची तरी ती मोठ्या डॉक्टरांना हाक मारायची. या वेळी नाही झालं तर पुस्तकं रद्दीत, असं तिनेच घरात जाहीर केलं होतं.

तिने सुई दिली. दहा मिनिटं थांबली.

"ओठ जड झाला का, बाबा?"

"झाला की."

"उजवा अर्धाच ना?"

"नुसतं लाकूड झालंय."

मोठ्या डॉक्टरांचा एक नियम होता. पेशंटच्या शब्दावर जायचं नाही, टोकदार हत्याराने हिरडी टोचून बघायची. माणूस भिडेखातर वाट्टेल ते सांगतो, हिरडी सांगत नाही. तिने ते हत्यार उचललं, आणि परत ठेवलं. स्वतःच्या बापाला काय टोचून बघायचं!

"दुखलं तर डावा हात वर करा हं."

दाढ हट्टी निघाली. मुळं वाकडी, पंधरा मिनिटं झटापट. बाबांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, ते हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी तेवढं वाहत होतं. "दिवा डोळ्यांवर येतोय," ते कसेबसे म्हणाले. तिने दिवा जरा वळवला. शेवटी टाका घातला, तर आरसा मागून घेऊन तो पाहिला त्यांनी. "टाका बरा आहे. गाठ जरा मोठी झाली."

मोठ्या डॉक्टरांना एकदाही हाक न मारता दाढ निघाली होती. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. उद्याचं काय घेऊन बसलात, आजच पास झाल्यासारखं वाटत होतं तिला!

घरी आल्यावर बाबांनी तोंडातला कापूस काढून टाकला, सवयीने मशीनवर बसले आणि शीळ घालायला लागले. आपल्याला काही झालेलं नाही हे लेकीला दाखवायचं होतं ना!

"बाबा, शीळ नका घालू. रक्ताची गुठळी निघेल, मग..."

ती बोलता बोलता थांबली. बधिर ओठाने शीळ वाजत नाही. आणि भूल उतरायला तीन तास तरी हवेत, इथे दीड तासही झाला नव्हता.

तिने त्यांच्या ओठाला बोट लावलं. "इथे कळतंय?"

"उतरली असेल आता."

"एवढ्यात नाही उतरत. बाबा, लागलीच नव्हती ना?"

मशीनचं पायडल थांबलं. "अगं, सुईची सवय आहे मला. हात वर केला असता तर तू मोठ्या डॉक्टरांना हाक मारली असतीस. मग उद्या कुठल्या तोंडाने पेपरला बसली असतीस?"

तिने त्यांचे हात उलटे करून पाहिले. पंजांच्या पाठीवर नखं रुतल्याच्या लाल खुणा होत्या, सगळ्या बोटांच्या. तिला स्वतःची इतकी किळस आली की रडायचंही सुचेना. एका टोचणीचं तर काम होतं, आणि तेवढंही तिने केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संगणकावर अकरावा प्रश्न नेमका तोच आला. खालच्या जबड्याची भूल लागल्याची सर्वांत खात्रीची खूण कोणती? पहिला पर्याय, ओठ जड झाल्याचं पेशंट सांगतो. तिसरा, हिरडी टोचल्यावर दुखत नाही. उत्तर तिला येत होतं हो! पण तिसऱ्यावर बोट जाईना. पुढचे प्रश्न नुसतेच डोळ्यांपुढून गेले, प्रत्येकात तीच खुर्ची आणि तेच अडकवलेले हात. वेळ संपली तेव्हा शंभराच्या वर प्रश्न कोरे होते.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. गाल सुजून टम्म झाला होता, सदरा मात्र कडक इस्त्रीचा.

"कसा गेला गं?"

तिने त्यांच्या गालाकडे पाहिलं. "छान गेला, बाबा. सोपा होता."

"नक्की ना?"

"नक्की."

एकदा अजून विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ते पुढे चालायला लागले.