रोज पाच मिनिटं

"रोज सकाळी गाडी चालू करून ठेव गो. पाच मिन्टां. थंड पडाक देव नको."

एवढं सांगून सुभद्राचे यजमान धोंडू इस्पितळात गेले. आठ दिवसांत येतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी त्यांचं प्रेत आणावं लागलं. त्याला आता चार वर्षं झाली. त्यांनी सांगितलेलं सुभद्राने एक दिवसही मोडलं नाही. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवाकडे दिवा, आणि दिवस वर यायच्या बेताला घरालगतच्या मांगरात उभ्या असलेल्या काळ्या डिझेल काँटेसाच्या सीटवर पदर सावरून बसायचं. हीटरचा दिवा विझला की चावी फिरवायची आणि इंजिनाच्या धडधडीवर एकशे आठ नामं घ्यायची. नामं संपली की गाडी बंद. गाडी चालवायला तिला येत नव्हतं, आणि चालवायला कुणी सांगितलंही नव्हतं. सुतकातसुद्धा खंड नको म्हणून तिने शेजारच्या आल्बिनाच्या मुलाला, लिओनला बोलावून चावी फिरवून घेतली होती.

आता त्या गाडीची खरी गरज पडली होती. नणंद जानकी लग्न न करता भावाच्या घरीच राहिलेली. वर्षभरापूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. सोमवारी नि गुरुवारी कणकवलीला डायलिसिस. आचऱ्याहून सुटून सकाळी सहाला घराजवळच्या रस्त्यावर येणाऱ्या रिक्षात चार माणसांबरोबर दाटीवाटीने जायचं आणि दुपारी मिळेल त्याने परतायचं. गेल्या गुरुवारी परत येताना तिला उलटी झाली. रिक्षावाल्याने तिला वाटेतल्या पुलावर उतरवलं आणि तो निघून गेला. दीड तास ती कठड्याला धरून बसून होती. घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "पुरे झाला वैनी. आता माका खंय धाडू नको."

एक आठवडा चुकला तर पुढचं देवाच्या हातात, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"रिक्षा नको तर नको," सुभद्रा म्हणाली. "भावाच्या गाडयेत बसान जा. लिओन चालवतलो."

"ती जायत कणकवलीपर्यंत?"

"रोज चालू करतंय मा मी."

त्या रात्री जानकीने दोन घास जास्त खाल्ले. सुभद्राने ते मोजले.

रविवारी बाबली मेस्त्री आला. धोंडूंच्या गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात कधी लागला नव्हता. मांगराचं दार उघडताच तो हसला. "वैनी, म्हातारी माझ्यापेक्षा बरी दिसता. हिका नवरो बघूया."

सुभद्रालाही हसू आलं. पत्रा तिने खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून आरशासारखा ठेवला होता. बाबलीने बॉनेट उचललं, ऑइलची दांडी ओढली, डोळ्यांसमोर धरली.

"ऑइल कितीदा घातल्यात?"

"चार वर्षांत एक थेंब नाय," ती म्हणाली. हे कुणाला तरी सांगायचं तिच्या मनात फार दिवस होतं. "कमी होयत तर शपथ. दांडयेवर बघतंय मा, उलट वाढतच गेला." देवाघरची बरकत, असं ती समजून चालली होती.

बाबलीने दांडी नाकाशी नेली. हसू गेलं. मग चावी फिरवायला सांगितली. इंजिन लागलं, त्याने ऑइलचं झाकण काढलं, आणि आतून ओल्या लाकडाच्या चुलीसारखा धूर भकभक वर आला. तो खाली वाकला, सायलेन्सरला अंगठा लावला. अंगठा आत गेला. शेजारून लिओनला हाक मारून दोघांनी गाडी ढकलून बघितली. मागची चाकं जमिनीला शिवल्यासारखी, इंचभर हलेनात.

"वैनी, कितको वेळ चालू ठेवत होतात?"

"पाच मिनिटां. त्यांनी सांगितल्यानी तसां."

"आणि फिरवल्यात कधी? आचऱ्याच्या तिठ्यापर्यंत तरी?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

बाबली दगडावर बसला. हात पुसत राहिला. हात कधीच पुसून झाले होते. "डिझेल इंजिन पाच मिन्टांत तापना नाय. अर्धवट जळलेला डिझेल खाली ऑइलात उतरता. तां वाढलेला ऑइल नाय, डिझेल. आतली सगळी घासान गेली. सायलेन्सरातला पाणी सुकूक नाय, तो कुजलो."

"दुरुस्त?"

"हिचे पार्ट आता भंगारात पण गावणत नाय. शोकीन कोण असलो तर पत्र्यासाठी नेतलो. कणकवली सोडा, गंजान धरलेले ब्रेक सोडवले तरी तिठ्यावर ते लागतले काय, तां मी सांगूक शकनंय नाय."

"म्हणजे मी बंद ठेवली असती..."

बाबलीला खोटं बोलता आलं असतं. पण धोंडूंच्या बायकोशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "टाकी रिकामी करून बंद ठेवली असती तर आज कणकवलीक गेली असती," तो म्हणाला. "धोंडूदादान आठ दिवसांसाठी सांगितल्यान, वैनी. चार वर्षांसाठी नाय." चहा न घेताच तो गेला.

सुभद्रा गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहिली. चार वर्षांची सगळी नामं तिच्या डोक्यात एकदम आली आणि एकाचाही अर्थ लागेना. देवाला काही विचारावं तर जीभ वळेना. आपण ज्याला जीव लावला त्याचा जीव आपणच रोज थोडाथोडा घेतला, एवढंच तिला कळत होतं.

मागे जानकी चौकट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"वैनी, एक सांगू? राग मानू नको."

"सांग बाय."

"मी रिक्षात बसय, तेव्हा मांगरातसून हिचो आवाज येय. वर्षभर." ती श्वास घ्यायला थांबली. "वाटायचा, पाच मिन्टां माका पण दिली असतीस तर. रस्त्यापर्यंत सोडूक तरी."

व्रताची वेळ सहाची, रिक्षाची वेळही सहाची. या दोन गोष्टी सुभद्राने कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

"उद्या मी येतंय तुझ्यावांगडा," ती म्हणाली. "हयसून थंयपर्यंत, नि परत. पुलावर उतरवल्यान तर दोघीय उतरतलंव."

"आणि तुझी पूजा?"

"मी येतंय म्हटलंय."

जानकी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

सोमवारी पाचलाच सुभद्रा उठली. आंघोळ करून तिने टॉवेल, लिंबू, पाण्याची बाटली नि दोन प्लास्टिकच्या पिशव्या भरून घेतल्या. देवाकडे ती गेली नाही, मांगराकडेही नाही. जानकीच्या पलंगाशी बसून तिने तिच्या सुजलेल्या पायांत चपला घातल्या. जानकीने डोळे न उघडताच हात पुढे केला. सुभद्राने तो आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघी अंगणातून रस्त्याच्या दिशेने एकेक पाऊल टाकत निघाल्या.