सहाव्या स्थानाचा क्रूस

आमच्या चर्चमधली क्रूसाच्या वाटेची प्रार्थना तासाभरात कधीच संपत नाही, आणि त्याला कारणीभूत मी आहे. नवे आलेले फादर पहिल्या शुक्रवारी घड्याळ बघून बघून दमले. त्यांच्या वसईकडं म्हणे सगळं पाऊण तासात उरकतं. उरकत असेल. तिकडं ज्वारी काढायची नसते.

लोहाऱ्याच्या या पट्ट्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि ज्वारीची सुगी एकाच वेळी येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते तेव्हा कणसं भरलेली असतात, आणि झावळ्यांच्या रविवारी शिंदीची पानं हातात येईतो रानं मोकळी झालेली असतात. मधले चाळीस दिवस माणसं अर्धी रानात आणि अर्धी चर्चमध्ये. फादरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं की शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतील. त्यावर शेजारच्या म्हाताऱ्या गजराबाईनं मागून विचारलं की मासे कुठल्या रानातून काढून आणायचे. फादर हसले. तेव्हाच मला वाटलं, हा माणूस इथं टिकेल.

मी धर्मशिक्षक. चर्चच्या रजिस्टरात माझं नाव लुकस आहे, पण गावात मी लिंबाजी मास्तर. आमच्या लोकांत घरची जुनी नावंच चालतात. मुलांना प्रार्थना शिकवणं, शनिवारी चर्च झाडून घेणं, रविवारी मिस्सेच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, आधी चटया अंथरणं आणि शुक्रवारी क्रूसाची वाट चालवणं, ही माझी बावीस वर्षांची कामं.

चर्चच्या आवारात कुंपणाला लागून चौदा खांब आहेत. एकेका खांबावर येशूच्या शेवटच्या वाटचालीतलं एकेक चित्र, शिक्षा ऐकवण्यापासून ते थडग्यापर्यंत. बाभळीचा एक क्रूस आहे, पुरुषभर उंच. प्रत्येक स्थानावर मी वहीतून एका माणसाचं नाव घेतो. त्यानं पुढं यायचं, क्रूस खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या स्थानापर्यंत न्यायचा. चौदा स्थानं, चौदा घरं. पूर्वी सुगीच्या दिवसांत कुणाला रानातून यायला उशीर झाला की त्याचा क्रूस दुसराच उचलायचा आणि मग दोन घरांत महिनाभर बोलणं बंद. म्हणून मी नियम केला. नाव घेतलेला माणूस येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, दुसऱ्यानं क्रूसाला हात लावायचा नाही. आणि एकदा घेतलेलं नाव मागं घ्यायचं नाही. पाचव्या स्थानावरचा गोरोबा एकदा मळणी यंत्रावर अडकला होता तेव्हा आम्ही त्याच्यासाठी सव्वा तास बसलो होतो. त्याची बायको म्हणाली, मी उचलते. मी तिलाही हात लावू दिला नाही. इतका मी नियमाचा पक्का.

सहावं स्थान वेरोनिकाचं. गर्दीतून पुढं येऊन येशूचं तोंड पुसणारी बाई. तिथलं नाव माझ्या मुलीचं होतं. निकिता लिंबाजी. दहा वर्षांची असल्यापासून. पहिल्या वर्षी तिला क्रूस पेलेना, मागून दोन पोरींनी टेकू दिला. तिनं मागं वळून त्यांना असं बघितलं की दोघींनी हात काढून घेतले. हट्ट माझाच होता तिच्यात. पुढं हा हट्ट मलाच भोवला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिनं लोहाऱ्याच्या उत्कर्षशी कोर्टात लग्न केलं. उत्कर्षचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, घरची दहा एकर शेती आहे, माणसं देवधर्म करणारी, सरळ. पोरात खोट काढायला मला काही सापडलं नाही म्हणून मी जास्तच चिडलो. गावातल्या मुलांना संस्कार शिकवणाऱ्या मास्तरची मुलगी चर्चमध्ये न येता लग्न करते, हे मला सोसलं नाही. ती पाया पडायला आली तेव्हा मी तिला दारातच सांगितलं की आजपासून या घरात तुझं नाव कुणी घेणार नाही. ती रडली नाही. पायरीवरच थांबून म्हणाली, "ठीक हाय अण्णा. ज्या दिवशी तुमी माझं नाव घेऊन बोलवाल, त्या दिवशी येईन. त्याआधी न्हाय."

तेव्हापासून मी तिचं नाव घेतलं नाही. वहीतलं सहावं नाव खोडून तिथं गोरोबाच्या वेगळी चूल मांडलेल्या सुनेचं, सृष्टीचं नाव लिहिलं. सृष्टी चांगली आहे, वेळेवर येते, क्रूस नीट नेते. तरीही सहाव्या खांबापाशी गेलो की माझा आवाज बसायचा, आणि मी खोकल्याचं निमित्त करायचो.

खरं सांगायचं तर मला तिची आठवण येत नव्हती असा एक दिवस गेला नाही. संध्याकाळी दारात उभं राहून "निके" अशी हाक मारायची माझी सवय होती. ती कुठंही असो, गजराबाईच्या अंगणात असो नाहीतर हापशावर, तिथनं ओरडायची, आले. आताही पाच-साडेपाचला पाय आपोआप दाराकडं जायचे. दारात जाऊन मी आभाळाकडं बघायचो आणि तुळजाबाईला सांगायचो की वारं सुटलंय. तुळजाबाई म्हणजे माझी बायको. ती म्हणायची, सुटलं असंल.

उपवासकाळात आमच्याकडं रोज सैपाकाच्या आधी प्रत्येक घरी मूठभर ज्वारी वेगळी काढतात आणि रविवारी चर्चमध्ये आणून एका पोत्यात ओततात. ती निराधार म्हाताऱ्यांना जाते. यंदा माझ्या लक्षात आलं की तुळजाबाई दोन मुठी काढते. एक आमच्या घरची, आणि दुसरी कुणाची ते मी विचारलं नाही. दुसरी मूठ टाकताना ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. मला ऐकू येऊ नये अशा बेतानं म्हणायची, आणि मीही ऐकू आलं नाही असं दाखवत तांब्या उचलून बाहेर जायचो.

पाचव्या शुक्रवारी मला घंटा वाजवायला उशीर झाला. मी धावतपळत निघालो आणि वही घरी कोनाड्यात राहिली. चर्चच्या फाटकाशी आठवण झाली, पण परत कोण जाणार. बावीस वर्षं जी नावं घेतोय त्यांना वही कशाला लागते, असं मनाशी म्हणालो. थोडी ऐटही होती. नव्या फादरांना दिसू दे, मास्तरला सगळं पाठ आहे.

पहिलं, दुसरं, तिसरं, सगळं बरोबर झालं. पाचव्यावर गोरोबा वेळेत हजर होता, त्यानं क्रूस आणून सहाव्या खांबाशी, चिंचेच्या बुंध्याला टेकवला. फादरांनी प्रार्थना म्हटली. लोकांनी गुडघे टेकले, उठले. मी डोळे मिटून नेहमीच्या सुरात म्हणालो, "सहावं स्थान. निकिता लिंबाजी."

डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. सृष्टी पुढं टाकलेलं पाऊल तसंच ठेवून उभी होती. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं, आणि कान गरम झाले. मी म्हणालो, चुकलं, सृष्टी, तू ये.

सृष्टी जागची हलली नाही. गजराबाईनं पदर सावरला आणि ती चिंचेखाली मांडी घालून बसली. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, मला नाकातला शेंबूड पुसत हिंडताना बघितलेली.

"नाव घेतलंय मास्तर," ती म्हणाली. "आता थांबायचं."

तिच्या मागोमाग गोरोबा बसला. मग एकेक करत सगळेच बसले. फादरांना काही उमगेना. त्यांनी हळूच सुचवलं की पुढं जाऊ या, उशीर होतोय. तेव्हा गोरोबानं त्यांना माझा नियम समजावून सांगितला, सव्वा तासाच्या गोष्टीसकट. माणूस बदला घेतोय की उपकार फेडतोय ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

मी म्हणालो की ती इथं नाहीच, तिला कळणार कसं. तुळजाबाई उठली. पिशवीतून मोबाईल काढला, दोन बटणं दाबली आणि तसाच वाजता फोन माझ्या हातात दिला. नंबर तिला शोधावा लागला नाही. दोन वर्षं माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, ही मुलीशी बोलत होती. त्या क्षणी मला राग यायला हवा होता. मला फक्त इतकंच वाटलं की हिनं मलाही कधीतरी तिचा आवाज ऐकवायचा होता.

"बोल आई," पलीकडून आवाज आला. मागं कुकरची शिट्टी होत होती.

सगळी माणसं माझ्याकडं बघतायत, फादर बघतायत, आणि मला एका बापासारखं काही बोलता येईना. मला जे येत होतं तेच मी बोललो.

"सहावं स्थान," मी म्हणालो. "निकिता लिंबाजी."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "सगळ्यांसमोर घेतलं?"

"व्हय."

"क्रूस कुठं हाय?"

"चिंचेला टेकवलाय. कुणी हात लावला न्हाय."

फोन बंद झाला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. मी तुळजाबाईला फोन परत दिला.

लोहारा नऊ किलोमीटर. जीप मिळाली तर अर्धा तास, न मिळाली तर सांगता येत नाही. गजराबाईनं जपमाळ सुरू केली. सगळे तिच्या मागून म्हणू लागले. मी क्रूसाशेजारी उभा राहिलो. बसायला कुणी सांगितलं नाही आणि मलाही बसवेना. रस्त्यावरून मोटरसायकल गेली की जपमाळेचा सूर हलका पडायचा, गाडी पुढं निघून गेली की परत चढायचा. अशा चार गाड्या गेल्या. पाचवा ट्रॅक्टर होता.

तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. दोन वर्षांत ती कशी दिसत असेल, वाळली असेल की भरली असेल. कामाच्या नादात तिला अजून जेवायचं भान राहत नसेल. तिच्या सासरी कुणी तिला निके म्हणत असेल का. आणि नाही आली तर काय, हेही आलं. नाव तर घेऊन बसलो. ते एकच माझ्यापाशी होतं, तेही खर्च झालं. आता मला परत काही म्हणता येणार नव्हतं. एवढी भीती मला माझ्या बापाच्या मरणातही वाटली नव्हती.

ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं तेव्हा फाटकाशी मोटरसायकल थांबली. उत्कर्ष गाडीवरच बसून राहिला. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. निकिता खाली उतरली. घरातल्या कपड्यांवरच आली होती, ओढणीला हळदीचा डाग. वाळली होती. ती सरळ चालत आली, आईकडं बघितलं, गजराबाईच्या खांद्याला हात लावला, आणि क्रूसासमोर येऊन उभी राहिली. क्रूसाला मात्र तिनं हात लावला नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "मी न्हवते तवा घेतलंत. आता मी हाय. आता घ्या."

जपमाळ थांबली होती. मी म्हणालो, सहावं स्थान. त्याच्यापुढं येईना. बावीस वर्षं ज्या सुरात नावं घेतली तो सूर मला सापडेना. कुणी खोकलं नाही, कुणी मदत केली नाही. थांबायची सवय मीच लावली होती त्यांना. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, दहा वर्षांची असताना टेकू देणाऱ्या पोरींकडं बघितलं होतं तशीच, पण डोळे भरलेले.

"निके," मी म्हणालो.

"आले," ती म्हणाली, आणि तिनं खाली वाकून क्रूस खांद्यावर घेतला.

फादरांनी फाटकाकडं हात करून उत्कर्षला आत बोलावलं. तो चपला काढून आला आणि सगळ्यांत मागं, गोरोबाशेजारी उभा राहिला. सहाव्यापासून सातव्यापर्यंत वीस पावलं आहेत. मी तिच्या मागून चाललो. सातव्या खांबाशी तिनं क्रूस टेकवला, सगळ्यांनी गुडघे टेकले, उठले, आणि नावासाठी माझ्याकडं बघत राहिले. सातव्यावर कुणाचं नाव असतं ते मला काही केल्या आठवेना.