मला विकत घेऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि मी एकदा बुडून मेले आहे. यातला दुसरा भाग तुम्हाला माझ्या जाहिरातीत सापडणार नाही. तिथे मी आधी ‘एकहाती वापरलेली, डॉक्टरबाईंनी फुलासारखी जपलेली’ अशी होते. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या तोंडी वाटेल ते घालायला माणसे मोकळी असतात. याचा मला संताप येतो. म्हणून माझे आयुष्य आज मीच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला आकार आला, आकारावर निळा रंग चढला, आणि सर्वांत शेवटी एका कामगाराने माझे दार मिटताना कसे वाजते ते कान देऊन ऐकले. त्याने समाधानाने मान हलवली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

मला दातांच्या एका डॉक्टरबाईंनी घेतले. त्यांच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास असे आणि तो माझ्या स्टिअरिंगलाही लागला होता. सिग्नलला थांबल्या की त्या आरशात पाहून पुटपुटत, “दुखणार नाही हं, अजिबात दुखणार नाही!” पहिल्या रुग्णाच्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत ते वाक्य त्यांना घोटून ठेवायचे असे. खोटे बोलण्याचा सराव करणारे एवढे एकच माणूस मला आवडले. माझे तेल वेळेवर बदलले जाई, काचा पुसल्या जात, आणि एखाद्या वळणावर मी नीट वळले तर बाई माझ्या दारावर हलकी थाप मारत. मला वाटे, आयुष्य असेच जाईल आणि अशाच एखाद्या थापेखाली संपेल.

आमच्या इमारतीच्या तळघरात माझी जागा होती. एका वर्षी नदी फुगली आणि पाणी तळघराचा उतार उतरून आले. पाणी आरडाओरडा करत येत नाही, मित्रांनो. ते विचारपूस करत येते. आधी चाकांशी, मग दारांच्या फटींशी, मग गाद्यांशी बोलत ते माझ्या आत शिरले. स्टिअरिंग बुडाले. विजेच्या साऱ्या तारा, माझ्या सगळ्या शिरा, गढूळ काळोखाने भरल्या. पाणी ओसरले तेव्हा माझ्यात एक चिकट शांतता उरली होती.

विमा कंपनीचा माणूस आला. त्याने दार उघडले, नाक दाबले आणि मान हलवली.

“हिचं आता काय करणार?” बाईंनी विचारले.

“मोडीत, मॅडम.”

“नक्की ना? कुणाच्या हाती देऊ नका हो. हिचे ब्रेक ऐनवेळी दगा देतील.”

“छे छे, मोडीतच!”

बाईंनी माझ्या टपावर हात ठेवला. त्या क्षणी मी मरायला तयार होते. मरणाची मला भीती नव्हती. जे झाले, त्याचा मी विचारच केला नव्हता.

मोडीच्या वाटेवर मला एका दलालाने उचलले. सगळे त्याला मामा म्हणत. त्याने मला भंगाराच्या भावात घेतले आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये नेले. तिथे माझ्या प्रेताला नटवण्यात आले. चिखल धुतला. गाद्यांवर नवी कव्हरे चढली. मी किती किलोमीटर धावले ते सांगणारा आकडा मागे फिरवला गेला, आणि माझी आठ वर्षे कुणी खिसा कापावा तशी कापून नेली. आत इतके अत्तर फवारले, की लवंगेचा शेवटचा वासही गुदमरून गेला. एअरबॅग बिघडल्याचा लाल दिवा तेवढा विझेना. अपघातात माणसाला झेलणारी ती पिशवी. ती आता फुगणार नव्हती, आणि दिवा तेच ओरडून सांगत होता. मामाने पिशवी दुरुस्त केली नाही. दिव्याची तार कापली.

मग एका अनोळखी बंगल्याच्या फाटकापुढे उभे करून माझे फोटो काढले आणि ते मोबाइलवरच्या बाजारात टांगले. खाली लिहिले, ‘ताई परदेशी निघाल्या आहेत, म्हणून तातडीने देणे आहे.’ बाई कुठेही निघाल्या नव्हत्या. आणि हा माणूस त्यांचा भाऊ झाला होता! माझे वय चोरले ते मी एकवेळ गिळले असते. पण माझ्या बाईंचा जिव्हाळाही त्याने भाड्याने लावला, हे मला आजही जाळते.

फोटो पाहून एका मुद्रितशोधकाचा फोन आला. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा हा सज्जन माणूस. त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या आत्याचे गुडघे गेले होते. उपचाराचे ठिकाण घाटापलीकडे होते आणि बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. पैसे आत्याचेच होते, शिलाई मशीनवर पाठ वाकवून साठवलेले. त्यांतून दुसरी गाडी येणार नव्हती.

“साहेब, चार गिऱ्हाइकं दारात उभी आहेत,” मामा फोनवर गोड आवाजात म्हणाला. “पण तुम्ही सभ्य वाटता म्हणून सांगतो. थोडं टोकन टाका, जाहिरात लगेच उतरवतो.”

आणि मला पाहण्याआधीच त्या सभ्य माणसाने पैसे पाठवले. जाहिरात अर्थातच उतरली नाही.

आत्या आणि तिचा हा भाचा, दोघे मला पाहायला आले. मामाने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. भाचा माझ्या आतली, पायाखालची जाजमे उचलायला वाकला, तेवढ्यात मामा हसून म्हणाला, “काय साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?”

भाच्याने हात मागे घेतला. “तसं नाही हो... एखादा मेकॅनिक आणून दाखवला असता तर?”

“आणा की! पण तोवर गाडी राहील याची हमी मी देत नाही.”

“नको, नको, राहू दे.”

मित्रांनो, त्या मागे घेतलेल्या हातावर या माणसाचा सगळा धंदा उभा आहे. तुमची भीड हेच त्याचे भांडवल. मला तेव्हा दोघांचाही राग आला: फसवणाऱ्याचा, आणि फसताना अवघडून हसणाऱ्याचा. डोळ्यांपुढे तो घाट दिसत होता, उतारावर आत्या दिसत होती, आणि माझे गंजलेले ब्रेक.

“मला बसून बघू दे,” आत्या म्हणाली. “माझ्याच गुडघ्यांसाठी घेतोयस ना?”

आत्या चांगलीच भारदस्त होती. ती आत बसली तशी मी एका बाजूला कलले. तिने खांद्यावरचा पट्टा ओढला. तो पोटापर्यंत येऊन थांबला.

“हा काय बाहुलीसाठी शिवलाय का रे?”

“आत्या, अजून ओढ. येतो तो.”

“ओढतेय की! तुझं उरलेलं खाऊन खाऊन झालीये मी अशी.”

तिने दोन्ही हातांनी हिसका दिला. आजवर जो भाग कुणीच बाहेर काढला नव्हता, तो सरसरत बाहेर आला. मामाने मला बाहेरून घासले होते, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या पोटात पूर तसाच होता: तपकिरी, कडक, डागाळलेला. आत्याच्या मांडीवर वाळलेला गाळ सांडला.

तिने तो चिमटीत चोळला. “माती? पट्ट्यात माती कशी?”

“धूळ असते हो मावशी, जुनी गाडी...”

“धूळ वरून बसते. ही आतून निघतेय.”

आता मात्र भाचा गुडघ्यांवर बसला आणि जाजम उपटलेच. खाली गाळ होता, गंज होता. तो उठून मामाकडे वळला. “ही गाडी बुडालेली आहे. माझे पैसे परत करा.”

“टोकन परत मिळत नसतं, साहेब. बाजाराचा नियमच आहे तसा.”

“चल आत्या,” तो पुटपुटला. “जाऊ दे.”

“काय जाऊ दे?” आत्या ठाण मांडून बसली. “माझे गुडघे धरलेत. पैसे आल्याशिवाय ते सुटायचे नाहीत.”

“मावशी, उतरा, दुसरं गिऱ्हाईक आलंय!”

“येऊ दे की. अहो दादा, या या! आधी हा पट्टा बघून घ्या.”

फाटकातून एक माणूस लहान मुलीचा हात धरून आत येत होता. मामाचे बोट मोबाइलवर भराभर फिरले. भाच्याने आपला मोबाइल पाहून मान डोलावली, तेव्हा आत्या कण्हत उतरली.

“मामा म्हणवून घेतोस,” ती जाताना म्हणाली, “आणि भाच्यांना बुडालेल्या गाडीत बसवतोस!”

मुलीचा बापही तिच्यामागोमाग परत फिरला. मामाने माझ्या दारावर लाथ घातली, आणि मला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने माझे चारही पट्टे कापले आणि नवे काळे, स्वच्छ पट्टे बसवले. एवढेच तो शिकला. आता जाहिरातीत मी एका वकीलसाहेबांची आहे.

पाण्यावर माझा राग नाही, मित्रांनो. पाणी माझ्याशी खोटे बोलले नाही. जुन्या वस्तू तुमच्याकडे प्रेमाने मागतात, ‘आमची निगा राखा.’ मी ते मागत नाही. मला मोडून टाका. माझ्या पत्र्याच्या बादल्या करा, खिडक्यांचे गज करा. पण मला विकत घेऊ नका. घरातले कुणी माझा फोटो पाहून हरखले, तर त्यांचा हात धरा. पाहण्याआधी पैसे पाठवू देऊ नका. कागदांवरच्या मालकाला शोधून फोन करायला लावा. ओळखीचा मेकॅनिक आणायला लावा, आणि ‘विश्वास नाही का’ असे कुणी विचारले तर मोठ्याने सांगा, ‘नाही!’

आणि न सांगता लवकर या. थंड इंजिन खोटे बोलत नाही. ते खोकते, धूर ओकते, थरथरते. म्हणून गिऱ्हाईक यायच्या थोडे आधी मामा मला चालू करून तापवून ठेवतो.

मित्रांनो, आत्ता माझे इंजिन चालू आहे.